गळक्या कोर्टाला काहीही न ठेवण्याबाबत

आज बुधवार, दिनांक ६ ऑगस्ट २०२५, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे. गळक्या खोलीतली कागदपत्रे कोरड्या कपाटात हलवून मी हे मृत्युपत्र लिहायला बसलो. मी कोर्टाचा शिपाई, वय सव्वीस, शिक्षण नववीपर्यंत. उद्या माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. पण पोट त्यांचे नाही. माझे डोके ठिकाणावर आहे आणि माझ्यावर कुणाचा दबाव नाही.

१. बँकेतली सगळी शिल्लक ताईची. ज्याला मिळते त्याची साक्ष चालत नाही, म्हणूनच तिला साक्षीदार केलेले नाही, तिने रुसू नये.

२. छपरासाठी कोर्टाला पाच हजार ठेवणार होतो. न्यायाधीश मॅडमनी ते कलम खोडायला लावले. छपराचे पैसे बांधकाम खात्याकडून यायचे असतात, आणि कालव्याकाठची घरे पाडल्याबद्दल त्याच खात्यावर दावा चालू आहे. परवा निकाल. खात्याचे साहेब मला जिन्यात गाठून म्हणाले, "निकाल नीट लागला की बिल सुटेल. मॅडमच्या कानावर घाल जरा." मी घातले. पैशांबाबतचा कुठलाही निरोप मॅडम कागदावर उतरवून भर कोर्टात वाचायला लावतात. हाही मी दोन्ही वकिलांसमोर मोठ्याने वाचला. साहेब आपल्या बुटांकडे बघत होते. तेव्हापासून बिल आणखीच अडकले आहे.

मी म्हटले, "मग माझे घ्या ना, मॅडम."

"आणि उद्या तुझ्या दाजींचीच केस आली तर? तू घातलेल्या छपराखाली बसून निकाल देऊ? ताईला दे, वेड्या. आणि उद्या उपाशीपोटी जायचंय, विसरू नकोस."

३. सायकल दाजींना. जेवायला बसले की ते मॅडमबद्दल म्हणतात, "सरकारचंच खायचं आणि सरकारच्याच विरुद्ध निकाल द्यायचा?" अट अशी, की त्यांनी आधी एक अख्खा दिवस कोर्टात मागच्या बाकावर बसावे. तोंड बंद ठेवून.

४. मॅडमना काही ठेवता येत नाही. फक्त नमस्कार. हवा तर तोही वाचून दाखवावा.

साक्षीदार: टायपिस्ट बाई (सही). कॅन्टीनवाले काका (सही, "पोरा, आठवड्यात परत येशील" असे म्हणून केली).
लिहून ठेवणार: शिपाई (सही).
स्थळ: कोर्टाची मागची खोली. दिनांक वरीलप्रमाणे.

हिशेब:
ताडपत्री व दोर, ६९५. मी आणले, मॅडमनी स्वतःच्या पगारातून फेडले.
दवाखान्याची अनामत, २,०००. भरली.
कॅन्टीनचे देणे, ४८. ताईने द्यावे.
बांधकाम खात्याकडून कोर्टाला येणे, छपराचे १,१८,०००. निकाल कुणाच्याही बाजूने लागो, पूर्ण मागावे.