कोरडा फ्लास्क

लातूर, २ मार्च १९८३
फ्लास्कमधल्या सोड्याला ब्युरेटमधून ॲसिड १० मिली लागायला हवं. मला १०.८ लागलं. रेणुकादास सर म्हणाले, ब्युरेटमध्ये पाणी राहिलं की ॲसिड पातळ होतं, मग जास्त लागतं. आधी ब्युरेट ॲसिडनेच विसळायची. पुढे फ्लास्कचं काहीतरी सांगत होते. मी तेव्हा 'पाणी राहता कामा नये' याखाली दोन रेघा मारत होते.
प्रॅक्टिकलची परीक्षा सतराला. नापास झाले तर अप्पा निलंग्याला नेऊन गुरुबसप्पांच्या मुलाशी लग्न लावणार. घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिलीच.
संकल्प: काचेत थेंबही ठेवायचा नाही.

७ मार्च
ब्युरेट ॲसिडने विसळली. फ्लास्क सोड्याने तीनदा विसळला. तरी १०.६. कुठेतरी पाणी लपलंय.
शेजारच्या टेबलावरची शिवकांता म्हणाली, "येडे, विसळलेला सोडा आतच राहतोय की. मग ॲसिड जास्त लागंल न्हाई तर काय!"
तिचा स्वतःचा फ्लास्क आतून ओलागच्च. रीडिंग १०.०. मनानेच लिहीत असणार. कुणाला सांगणार नाही.

११ मार्च
लातूर जिल्हा झाला, पण नळ आठ दिवसांनी. लॅबमध्ये सगळ्या वर्गाला एक बादली. बाकीच्या कुरकुरतात. मी निश्चिंत. पाणीच नाही तर राहील कुठून?
घरी तांब्यावर सराव केला. शरणम्मा मावशी ओरडली, "प्यायला पाणी न्हाई अन् ही तांब्या धुवायलीय!" वाळवायला आधी ओला करावा लागतो, हे तिला कसं सांगू?

१७ मार्च, दुपारी
तीन सारखी रीडिंग हवी होती. फ्लास्क धुतला, पदराने पुसला, खिडकीत उपडा धरला, फुंकला. तळाशी एक थेंब. पुन्हा पुसला. शेवटी खडखडीत. पहिलंच रीडिंग १०.०! म्हणजे माझंच बरोबर होतं.
दुसऱ्यासाठी वाळवत होते, तेवढ्यात घंटा झाली.
बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, बाकीची दोन कुठायत? म्हटलं, फ्लास्क वाळत होता. ते हसलेसुद्धा नाहीत. "अहो बाई, फ्लास्क ओला असला तरी चालतो. पिपेटने मोजून घातलेला सोडा पाण्याने कमी होतो का?"

संध्याकाळी
अप्पा गावाहून एसटीने आले. कसं झालं विचारलं. मी म्हटलं, उत्तर बरोब्बर आलं. खोटं नाही ते.
अप्पा लई खूष. "उद्याच जाऊन गुरुबसप्पाला न्हाई म्हणून सांगतो," म्हणाले.
निकालापर्यंत थांबा म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि चहा टाकू का, विचारलं.