‘उड्डाण’ सेंटची कृती आणि न दिलेले पत्र

मी, सदाशिव माधव केतकर, वय सदुसष्ट, धंदा सेंट बनवण्याचा, राहणार चिंचवड, हे मृत्युपत्र माझ्याच अकलेने आणि माझ्याच हाताने लिहीत आहे. हृदय थकले आहे, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर मुलगा प्रभाकर आणि मुलगी मृदुला यांना निम्मे निम्मे. प्रभाकर पिंपरीच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, त्याला कंपनीचे क्वार्टर आहे, तेव्हा त्याने कुरकुर करू नये.

२. शेडमधला तराजू, काचेची भांडी आणि बाटल्या भरण्याचे यंत्र अंबुबाईंना. अठरा वर्षे त्यांनी माझ्याकडे बाटल्या भरल्या. माझा एकेकाळचा भागीदार रंगराव याला काहीही नाही. त्याने आमच्या बाटल्यांत गुलाबपाणी भरून देहूच्या यात्रेत विकले आणि वर मलाच म्हणाला, “राव, लोकांना कुठं कळतंय?” लोकांना कळले आणि धंदा बसला. त्याला तेराव्याला जेवायला बोलवावे, एवढे पुरे.

३. ‘उड्डाण’ सेंटची कृती. एकोणीस वर्षांचा असताना मी पाच रुपये देऊन, मैदानात उतरलेल्या एका जुन्या दुहेरी पंखांच्या विमानातून एक फेरी मारली. चामड्याची टोपी, तापलेले गवत आणि इंजिनात वंगण म्हणून घातलेले, जळणारे एरंडेल हा वास नाकात बसला तो बसलाच. १९६३ साली नोकरी सोडून त्याचाच सेंट केला. वाळा, देवदार, कमावलेले चामडे आणि लोखंडी पळीत जाळलेल्या एरंडेलाचा नुसता भास. माझी पत्नी चारुलता, आता हयात नाही, म्हणायची, “एरंडेल पाजायला कोणी सापडत नाही म्हणून जाळता का?” लेबलावर टोपी आणि गॉगल घातलेली मुलगी आहे. तो चेहरा चौदा वर्षांच्या मृदुलाचा.

मृदुलाला ते चित्र खरे करायचे होते. १९६८ साली तिने विमान शिकण्यासाठी पुण्याच्या एका क्लबात अर्ज केला. दोन महिने ती फाटकात उभी राहून पोस्टमनची वाट पाहत होती. अंबुबाई मला म्हणाल्या, “सायेब, पोरगी झुरतीया. कागुद आला न्हाई व्हय?” मी म्हणालो, “नाही.”

आला होता. तिची निवड झाली होती, फीमध्ये सवलतही होती. मी तो कृतीच्या वहीत दडपला. ती पडेल अशी भीती वाटली म्हणालो तर खोटे ठरेल. विमान चालवणाऱ्या मुलीला स्थळ कुठून येणार, चार लोक काय म्हणतील, एवढेच मनात आले. तिचा चेहरा बाटलीवर लावून तीन रुपयांना विकला आणि तिला घरात बसवले. “माझ्यातच काही कमी असेल, बाबा,” असे ती म्हणाली तेव्हा मी मान डोलावली. मृदुला, तुझ्यात काही कमी नव्हते. मी तुझा गुन्हेगार आहे.

वही, त्यातले पत्र आणि कृतीचे सर्व हक्क मृदुलाला. तिने सेंट करावा किंवा वही चुलीत घालावी. हे कलम प्रभाकरने तिला माझे दहन होण्यापूर्वी वाचून दाखवावे. ते ऐकून ती निघून गेली तर कोणी तिला थांबवू नये.

४. पुरवणी. वरील मजकूर काल लिहिला. आज सकाळी मृदुला निगडीहून बसने आली, तिने माझे पाय चेपून दिले. “बाबा, एवढं काय लिहिताय?” तिने विचारले. मी म्हणालो, “घराचं.”

“मला काही नको हो. दादाला द्या सगळं. तुम्ही माझ्यासाठी काय कमी केलंत?”

मी कागद पालथा घातला आणि चहा मागितला. साक्षीदार यायला अजून अर्धा तास होता. तेवढ्यात सांगता आले असते. सांगितले नाही. ती आत चहा करते आहे. मजकुरात मी काहीही बदल करत नाही.

स्थळ : चिंचवड
दिनांक : १४ नोव्हेंबर १९८१

सही : सदाशिव माधव केतकर

आम्ही मजकूर वाचलेला नाही. केतकरांनी आमच्यासमोर सही केली.
साक्षीदार : १. ज्योतीराम बाबूराव काळभोर, शेजारी
२. डॉ. शुभदा गोखले, चिंचवड