एक बेल

३ नोव्हेंबर, सोमवार
गोरक्षनं स्कूटरची किल्ली लपवली! पोटच्या पोरानं! कारण काय, तर परवा केडगावच्या चौकात माझा धक्का लागून एका केळेवाल्याची हातगाडी कलंडली. डावीकडून आली, मला दिसली नाही. दिसणार कशी — चालत्या रस्त्यात मध्येच घुसवतात! डॉक्टरनं याचे कान भरलेत. म्हणे काचबिंदू, म्हणे डाव्या बाजूची नजर गेली. उभी हयात नगर-कर्जत-खर्डा एस.टी. चालवली, कुणाला ओरखडा नाही.

दुसरी किल्ली माझ्या जुन्या खाकी शर्टाच्या खिशात आहे. हे त्याला ठाऊक नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार
बहीण लंकाबाई पडली. खुब्याचं हाड मोडलं. कर्जतला अंथरुणावर आहे, भाऊ कुठंय म्हणून विचारते. गोरक्ष म्हणतो, रजा मिळाली की नेतो. सूनबाई आरती म्हणते, अप्पा, एस.टी.नं जा की. ज्या रस्त्यावर मी गाडी चालवली त्या रस्त्यावर तिकीट काढून बसू? माझ्याच स्टँडवर?

मी स्कूटरनंच जाणार.

९ नोव्हेंबर, रविवार
आज गोरक्षनं मला विमान दिलं. तोंड बंद ठेवायला!

त्याच्या खोलीत तीन पडदे आहेत, समोर एक आणि दोन्ही अंगांना एकेक. त्यात विमान उडवायचा खेळ. पूर्वी छोटी विमानं जवळजवळच्या गावांना जायची म्हणे. ते बंद पडलेले मार्ग हा पुन्हा उभे करतो. रविवार त्यातच जातो. बहीण तिकडं तळमळतेय आणि याला पुण्याहून चिकलठाणा आणि तिथून नांदेड करायचंय.

मी विचारलं, वाटेत नगर लागतं, तर नगरला थांबा का नाही? म्हणाला, "अप्पा, ही एस.टी. न्हाई." आणि हसला. आरतीही हसली. मी लक्षात ठेवलंय.

वरून नगर म्हणजे मातकट फडकं. चांदबिबीचा महालसुद्धा नाही. कसलं हुबेहूब!

१० नोव्हेंबर, सोमवार
खेळ बेकार आहे. तरी तासभर बसलो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
विमान पुण्याच्या धावपट्टीवर उभं राहतं, यंत्र घरघरतं, पण वेगाच्या दांडीवरचा माझा हात पुढं जात नाही. बेल झाल्याशिवाय गाडी हलवायची सवय नाही. दोन बेल चल, एक बेल थांब. का म्हणून कधी विचारलं नाही. दाराकडची डावी बाजू ड्रायव्हरला पुरती दिसत नाही, ती कंडक्टरनं बघायची. हे गोरक्षला सांगितलं तर त्यानं कपाळाला हात लावला. याला काय कळतं!

१६ नोव्हेंबर, रविवार
अल्लाबक्षला बोलावून घेतलं. माझा कंडक्टर. आता गुडघे गेलेत, पण जीभ तीच. शेजारी बसला, पडद्यातल्या रिकाम्या खुर्च्या बघितल्या आणि म्हणाला, "ड्रायव्हर, उभे किती घ्यायचे?" मग चमच्यानं पेल्यावर टण् टण्. उठलं विमान!

गोरक्ष चहा आणायला गेला तेव्हा किल्लीचं सांगितलं. म्हटलं, मास्तर, दिवसा हा कामावर असतो, आपण दोघं कर्जतला जाऊन येऊ, तू मागं बस. हो म्हणेल असं वाटलं होतं. नुसतं "बघू" म्हणाला. भित्रा.

१९ नोव्हेंबर, बुधवार
अल्लाबक्षचा फोन नाही. हाही त्यांना फितूर झाला. झोप लागत नाही. लंकाबाईला ताप आहे म्हणतात.

२३ नोव्हेंबर, रविवार
आला. म्हणाला, आधी मला चिकलठाण्याला सुखरूप उतरव, मग कर्जतला मागं बसतो. अट! मला! ठीक आहे म्हटलं.

टण् टण्. निघालो. नगर मागं पडलं. चिकलठाण्याजवळ डावीकडं वळलं की पट्टी डाव्या पडद्यावर दिसते, असं गोरक्षनं समजावलेलं. वळलो. काही नाही. पुन्हा वळलो. काही नाही. म्हटलं, तुझा पडदा बंद पडलाय. आरती दारात येऊन उभी. मी गिरक्या घेतोय आणि ही माणसं गप्प! पट्टी कुठंय म्हणून ओरडलो.

टण्.

एकच.

हात आपोआप मागं आला. अल्लाबक्षनं माझी हनुवटी धरून मान डावीकडं फिरवली. पडदा चालू होता. पट्टी होती. चांगली लांबरुंद, मघापासून तिथंच असणार.

तुम्ही सगळे मिळालेले आहात, म्हटलं. चहासुद्धा विचारला नाही त्याला. उंबऱ्यात चपला घालत म्हणाला, "बेल म्या उगा कदी मारली हुती का, ड्रायव्हर?"

जा म्हटलं. पुन्हा येऊ नको म्हटलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
खाकी शर्ट धुवायला टाकला. खिशातली किल्ली आरतीच्या हातात दिली.

मग अल्लाबक्षला फोन केला. सकाळच्या कर्जत गाडीत दोघं शेजारी बसलो. खिडकी डाव्या हाताला होती. ती त्याला दिली.