रेघांमधली मॅच

पनवेल,
रविवार, १६ नोव्हेंबर १९९७

प्रिय ओवेस,

अस्सलामु अलैकुम. तुझं पत्र गुरुवारी हातात पडलं. इथे सगळे बरे आहोत, शाळेत सहामाहीचे पेपर तपासून माझी मान मोडली आहे आणि तुझ्या दुल्हेभाईंचं वजन पुन्हा वाढलंय. दोह्यात आता थंडी सुरू झाली असेल. स्वेटर वापर, पेटीत ठेवायला दिला नव्हता.

आता पहिली गोष्ट. डिश पाठवू नकोस.

रागावू नकोस, आधी पूर्ण वाच. अब्बांच्या मॅचेस बंद पडल्या म्हणून तू तिकडून मोठी डिश आणि रिसीव्हर पाठवायचं ठरवलंस, बावीस किलोचं सामान कुणाच्या तरी गळ्यात घालून कस्टममधून सोडवायची तयारी केलीस, याचं मला फार कौतुक वाटलं. साडेतीन वर्षांत पहिल्यांदाच तू पत्रात अब्बांबद्दल सलग चार ओळी लिहिल्यास. पण डिश नको. का, ते सांगते. माझ्या पद्धतीने सांगते, म्हणजे उशीर लागेल.

तू गेलास तेव्हा आपल्याकडे केबल नव्हती. नंतर सुदाम घरतने गच्चीगच्चीवरून वायरी ओढल्या आणि सगळा मोहल्ला जगाला जोडला गेला. तेव्हापासून शनिवारी रात्रीची इशाची नमाज आटोपली की आपल्या पुढच्या खोलीत इंग्लंडची मॅच. दहा-बारा माणसं, चहाची किटली आणि मध्ये खुर्चीत अब्बा. शेजारी काशिरामकाका, एसटीतून रिटायर झालेत, पण अजून लाइन्समनच्याच तोऱ्यात असतात. अब्बांनी ज्या ज्या मॅचला शिट्टी वाजवली तिथे काका झेंडा घेऊन होते, त्यामुळे दोघं मिळून टीव्हीवरच्या रेफ्रीचे निर्णय फिरवत बसायचे.

ऑगस्टमध्ये एका शनिवारी टीव्ही लावला तर चित्राच्या जागी नुसत्या रेघा. तिरप्या, हिरव्या-जांभळ्या, उड्या मारणाऱ्या. आवाज मात्र ठणठणीत. मी तशीच सुदामकडे गेले.

"ताई, माजी काय चूक हाय सांगा," तो म्हणाला. "चॅनल आता फुकट नाय राहिला. मॅचा दाखवायचा हक्क इकत घ्यायला कंपन्या एकमेकींवर चढून बोली लावतात. करंज्याला बंदरावर मावऱ्याचा लिलाव चढतो ना, तसा. तिकडं कोटीत गेला भाव, तो इकडं माज्याकडून वसूल करतात. आनि बगनाऱ्या घरांचे पैसे द्या म्हनत नाय, सगल्या घरांचे द्या म्हनतात. साडेतीनशे घरं हायत माजी, फुटबॉल बगनारी वीस."

मग मीटिंग झाली. कुठे, तर आपल्याच ओट्यावर. सुदामने घरटी पंचवीस रुपये वाढवायचा प्रस्ताव मांडला आणि बायकांनी तो तिथल्या तिथे पाडला. बावीस माणसं एका बॉलच्या मागे धावतात ते बघायला आम्ही का पैसे भरायचे, असा त्यांचा सवाल. मी फुटबॉलवाल्यांच्या बाजूने उभी राहिले, पण खरं सांगायचं तर बायकांचंही चुकत नव्हतं. मालिका बघणाऱ्यांनी मॅचचा खर्च का उचलावा? नव्या पनवेलच्या सेक्टरमध्येही हेच झालं म्हणे. माणसं मॅच बघायला कुणाच्या तरी ऑफिसात नाहीतर हॉटेलात जायला लागली.

आपल्या खोलीतली माणसंही पांगली. दुसऱ्या शनिवारी अब्बा आणि काशिरामकाका, दोघंच रेघांसमोर बसलेले. मला बघवेना. मी म्हटलं, "अब्बा, आवाज तर येतोय. मी सांगते काय बोलतात ते."

ओवेस, इंग्रजी शिकवणं वेगळं आणि ते लोक जे बोलतात ते समजणं वेगळं. निम्मं कळायचं नाही. जे कळायचं ते कशाचं आहे हे कळायचं नाही. एकदा तो बोलणारा म्हणाला की अमक्या खेळाडूपुढे एकरभर मोकळी जागा आहे. मी जसंच्या तसं सांगितलं. काका म्हणाले, "एकरभर? आनि सिडकोनं घेतली नाय अजून?" अब्बा इतके हसले की चहा सांडला. मग मीही सोकावले. जे कळायचं नाही तिथे पदरचं घालायला लागले. एका गोलकीपरची तर मी तीन लग्नं लावून दिली.

पण खरी कमाल अब्बांची. माझं वाक्य सुरू व्हायच्या आधी त्यांना कळलेलं असायचं. लोकांचा आवाज जरा चढला की म्हणायचे, "डावीकडून आला." जरा थांबला की "कॉर्नर." शिट्टीच्या लांबीवरून फाउल की ऑफसाइड ते सांगायचे, आणि मग मी हळूच इंग्रजीतून तेच सांगायची. एकदा नाही, दर वेळी. ही बातमी मोहल्ल्यात फिरली आणि माणसं परत यायला लागली. हॉटेलात चित्र बघण्यापेक्षा वहाब रेफ्रीच्या घरी मॅच ऐकण्यात जास्त मजा आहे, असं व्हायला लागलं. दसऱ्यापर्यंत खोली पुन्हा भरली. सुदामसुद्धा यायचा, दाराशी बसायचा आणि सगळ्यांच्या शिव्या खाऊन चहा प्यायचा. अब्बा गेल्या दोन वर्षांत एवढे खुशीत मी पाहिले नव्हते. कडक इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे.

आधीच्या पत्रात मॅचेस बंद पडल्या एवढंच कळवलं; इथपर्यंतचं लिहायलाही काहीच हरकत नव्हती. लिहिलं नाही, कारण पुढचं लिहावं लागलं असतं.

भाऊबीज शनिवारी होती. सुदाम फराळाचा डबा घेऊन आला. मॅच सुरू झाली, नेहमीसारख्या रेघा, नेहमीसारखा गोंधळ. हा आपला दर दोन मिनिटांनी घड्याळ बघतोय आणि गालात हसतोय. आणि एकदम, ओवेस, चित्र आलं. लख्ख. हिरवंगार मैदान, लाल जर्सी, निळी जर्सी, सगळं. सुदामने दिवाळीची भेट म्हणून स्वतःच्या खिशातून महिन्याचे पैसे भरले होते आणि कुणालाही पत्ता लागू दिला नव्हता.

काका अर्धवट उठले, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात अब्बा टीव्हीकडे बघत म्हणाले, "सुदाम, आज रेघा जरा जास्तच जाड आहेत रे. फराळ आणलास, चित्र कधी आणणार?"

बोलणारा टीव्हीत एकटाच बोलत होता.

काकांनी टीव्हीकडे बघितलं, अब्बांकडे बघितलं. मग खाली बसले आणि म्हणाले, "हां रे रेफ्री. काय म्हंजे काय दिसत नाय. या सुदाम्याला एक दिवस खांबाला बांधला पायजे."

"बांदा काका," सुदाम म्हणाला. "बांदाच."

आणि मग अकरा माणसांनी समोर दिसणारी मॅच न बघितल्यासारखी बघितली. लालवाल्यांचा एक जण सगळ्यांना चुकवून पुढे गेला, बॉल जाळ्यात गेला, सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं, पण एकाने हूं की चूं केलं नाही. अब्बांनी मान तिरकी केली, मैदानातला आवाज ऐकला आणि ओरडले, "गोल!" तेव्हा कुठे सगळे ओरडले. मी ओरडू शकले नाही. आत जाऊन किटलीखालचा गॅस उगाच लावला, बंद केला.

दुसऱ्या दिवशी सुदाम गच्चीवर चढला आणि रेघा परत आणून ठेवल्या. महिन्याचे पैसे गेलेच. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "चाचाला दिसंल तवा चालू करीन."

मला आधी कळायला हवं होतं. वर्षभर ते तुझी पत्रं मला वाचायला लावतात, चष्मा सापडत नाही म्हणून. पेपर हातात धरतात, पण पान उलटत नाहीत. चहाचा कप ठेवताना आधी बोटाने टेबलाची कड शोधतात. मी रोज शाळा सुटली की अब्बांकडे जाते, आणि मला दिसलं नाही. आंधळं कोण होतं ते तूच ठरव. चित्र होतं तोपर्यंत त्यांना भरल्या खोलीत ढोंग करावं लागायचं. रेघा आल्या आणि सगळे त्यांच्यासारखे झाले. म्हणून ते एवढे खुशीत होते.

मी माझा चष्मा बदलायचाय असं सांगून त्यांना बरोबर घेऊन गेले आणि डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पूर्ण पिकलाय. ऑपरेशन साधं आहे, पण आणखी थांबलो तर डोळ्यातला दाब वाढेल आणि मग गेलेली नजर कुणी परत आणू शकणार नाही, असं ते स्वच्छ म्हणाले. अब्बा "बघू" म्हणून उठले आणि दरवाजा समजून औषधांच्या कपाटाकडे गेले.

घरी आल्यावर मी भांडले. तुला माहीत आहे मी कशी भांडते. शेवटी ते म्हणाले, "फरिदा, पंचवीस वर्षं लोक बाहेरून ओरडायचे, रेफ्री आंधळा आहे. मला काही वाटायचं नाही. लोक ओरडतातच. पण उरणच्या फायनलला माझा पोरगा मैदानात माझ्यासमोर उभा राहून ओरडला. आता मी डोळ्यांचं ऑपरेशन केलं की सगळं पनवेल म्हणेल, पोरगा खरं बोलत होता, तेव्हाच दिसत नव्हतं म्हाताऱ्याला. मग माझा एक तरी निर्णय खरा राहील का?"

मी त्या फायनलला नव्हते. तुझा गोल होता की ऑफसाइड, मला माहीत नाही आणि समजावून सांगू नकोस, मला कळणार नाही. पण डॉक्टरांना मी विचारलं. हा मोतीबिंदू फार तर दोन-अडीच वर्षांचा, असं ते म्हणाले. म्हणजे त्या दिवशी अब्बांचे डोळे तुझ्या-माझ्यासारखे होते. चुकले असतील तर बघून चुकले असतील. तू त्यानंतर चार महिन्यांत दोह्याला गेलास, रजा आली ती विकून टाकलीस, पैसे वेळेवर पाठवलेस, आणि त्यांना एक ओळही लिहिली नाहीस. तुझा एक शब्द ते डोळ्यांवर घेऊन बसले आहेत. तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. वाटलं तर वाटू दे.

आता मी काय करून ठेवलंय ते सांगते.

गुरुवारी तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. डिशचं वाचलं, कस्टमचं वाचलं, "अब्बांना सलाम" वाचलं. ते थांबले, अजून काही असेल म्हणून. दर वेळी थांबतात. आणि मी, गोलकीपरची तीन लग्नं लावणारी बाई, पुढे वाचत गेले: "अब्बा, आपाकडून कळलं. ऑपरेशन करून घ्या. तुम्ही त्या दिवशी जे बघितलं तेच सांगितलंत, एवढं मला आता कळतं. मी येतोय. पट्टी निघेल तेव्हा समोर असेन."

त्यांनी कागदाकडे हात पुढे केला. मग म्हणाले, "कुठे लिहिलंय?" मी त्यांचं बोट धरून कागदावर ठेवलं. तिथे "डिशचं वजन बावीस किलो आहे" असं लिहिलेलं होतं. त्यांनी ते बोट तसंच ठेवलं. मग म्हणाले, "डॉक्टरला सांग, रमजानच्या आधीची तारीख दे."

मंगळवार, १६ डिसेंबर. एक डोळा आत्ता, दुसरा ईद झाल्यावर. म्हणजे जूनमध्ये वर्ल्ड कप येईल तेव्हा ते तो कुठल्याही चॅनलवर, कुणाच्याही घरी, बघू शकतील. काशिरामकाका दवाखान्यात रात्री थांबणार आहेत, "लाइन्समनबिगर रेफ्री कसा जाईल" म्हणून. सुदामने रिक्षा ठरवलीय.

तर डिशचे पैसे तिकिटाला लाव. सुट्टी मिळत नसेल तर भांड, आपल्या घरात ते सगळ्यांना येतं. रोज संध्याकाळी ते मला तुझं पत्र पुन्हा वाचायला लावतात. मला माझीच वाक्यं पाठ ठेवावी लागतात. काल एक शब्द इकडचा तिकडे झाला तर त्यांनी मला थांबवलं आणि बरोबर शब्द सांगितला.

पत्र आता त्यांच्या उशाखाली आहे. १७ तारखेला सकाळी पट्टी निघेल. काकांना त्यांनी सांगून ठेवलंय की चष्मा लागेपर्यंत भिंग आणून ठेव, सगळ्यात आधी हे पत्र वाचणार. त्यात ती ओळ नाही, ओवेस.

तू त्याच्या आधी पोच.

तुझ्या नावाने शब्द देऊन बसलेली,
फरिदाआपा