पाणकावळा आणि लाल पट्टी

सोमवार, ३ नोव्हेंबर

बेटावर पोहोचलो. बोटीत मी, कप्तान आस्गर आणि कुणाचं तरी वॉशिंग मशीन. काम किरकोळ आहे. इथल्या ग्रामसंस्थेची जुनी वेबसाइट नव्या सीएमएसमध्ये, म्हणजे मजकूर सांभाळणाऱ्या प्रणालीत, घालायची; मग बोटीची वेळ बदलली की ती माणसं स्वतःच ती बदलू शकतील, दर वेळी कुणाच्या पाया पडायला नको. दुसऱ्या कुणाला आठवडा लागला असता. मी शुक्रवारी परत.

रिक्केला फोन केला. म्हणाली, "पंधरा तारखेला बाबांची सत्तरी आहे, लक्षात आहे ना?" म्हटलं, अगं, आपलं स्वेनबोर्ग इथून समोरच्या किनाऱ्यावर दिसतं, मी काय चंद्रावर आलोय? म्हणाली, "आईच्या साठीला तू ओडेन्सला होतास. तेही दिसतंच म्हणाला होतास." सात वर्षं एका घरात राहतो, पण रिक्केची स्मरणशक्ती नको तिथेच चालते.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

तयार सीएमएस बसवायचा असं संस्थेशी ठरलं होतं. विचार बदलला. तयार सीएमएस म्हणजे पाकिटातलं सूप. स्वतःचा लिहिणार. नाव: पाणकावळा. दिसायला साधा, पण बुडी खोल. नाव सुचण्यात दिवस गेला. जाऊ दे, पाया भक्कम हवा.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

परत गेलो नाही. मुद्दामच.

जुन्या कोडमध्ये एक ओळ सापडली. कार्ल एमिल यांनी लिहिलेली. शाळा होती तोवर ते इथले मास्तर, आता संस्थेचे सचिव. ओळीशेजारी त्यांचीच टीप: "ही कशासाठी आहे आठवत नाही. काढू नये." काढली. बोटीच्या सगळ्या फेऱ्या १ जानेवारी १९७० ला जाऊन बसल्या. संगणकाची कालगणना त्या दिवशी सुरू होते, त्यामुळे तारीख कळेनाशी झाली की तो बिचारा तिथे जाऊन थांबतो. माझ्या ब्लॉगसाठी झकास विषय.

खाली दुकानात योन्नाबाईंना हे समजावलं. (दुकान त्यांचं, वरची खोली मला दिलीय.) चष्मा वर करून स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "त्या दिवशी कुठली बोट? समुद्र गोठला होता. मी दहा वर्षांची होते." तांत्रिक मुद्दा कुणी समजून घेत नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

सकाळी ६. संकल्प: काम संपेपर्यंत ब्लॉग बंद.

दुपारी २. १९७० वरचा लेख पूर्ण. आता डोकं मोकळं.

संध्याकाळी मोर्टेनचा सण म्हणून योन्नाबाईंनी बदक भाजलं होतं. खूप खाल्लं. बदकानंतर कोड लिहू नये असं माझं जुनं मत आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

साइट क्लाउडवर ठेवा, असं सगळं जग म्हणतं. मी नाही. बेटाची माहिती बेटावरच हवी. दुकानाच्या मागच्या खोलीत, चीजच्या फ्रिजशेजारी एक संगणक मांडला आणि साइट त्यावर चढवली. योन्नाबाई म्हणाल्या, "रिकामं सॉकेट एकच आहे हं तिथे." म्हटलं, एकच पुरे.

पाणकावळ्याचा मुख्य गुण आज पुरा केला: दुहेरी मंजुरी. माझी आणि सचिवांची, दोघांची संमती असल्याशिवाय बोटीची सूचना साइटवर लागत नाही आणि निघतही नाही. मागचं दार ठेवलेलंच नाही. स्वतःलासुद्धा नाही. असं किती डेव्हलपर करतात?

बुधवार, १२ नोव्हेंबर

ग्रामगृहात वर्ग घेतला. सातजण आले. पाचजणी विणत होत्या. आस्गर पाइप न पेटवता तोंडात धरून बसला होता. मसुदा म्हणजे काय, प्रकाशन म्हणजे काय, पासवर्ड कसा जपायचा, सगळं शिकवलं. ठासून सांगितलं: यापुढे फोन नाही, तोंडी निरोप नाही. साइटवर जे असेल तोच शेवटचा शब्द. माना डोलल्या. (की विणकामातले टाके मोजत होत्या?)

शेवटी प्रात्यक्षिक. चाचणी म्हणून लाल पट्टी लावली: "उद्यापासून पुढील सूचनेपर्यंत सर्व फेऱ्या रद्द." मी मंजूर केलं, कार्ल एमिल यांनी मंजूर केलं, पट्टी झळकली. टाळ्या. मग कार्ल एमिल बॅग उचलून दुपारच्या बोटीने स्वेनबोर्गला गेले. मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, बहिणीकडे राहणार.

पट्टी काढायची राहिली.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

बोट आली नाही की गेली नाही. वारा शून्य. समुद्र इस्त्री केल्यासारखा.

आस्गरकडे गेलो. स्वयंपाकघराला रंग लावत होता. म्हटलं, अरे ती पट्टी नुसती चाचणी होती, बोट काढ. ब्रश खाली न ठेवता म्हणाला, "काल तूच म्हणालास ना, तोंडी निरोप चालणार नाही?"

"पण मीच सांगतोय!"

"हो, पण तोंडी सांगतोयस." आणि वर, "छत पण करून घ्यावं म्हणतो. अशी सुट्टी कधी मिळते?"

कार्ल एमिल यांना बहिणीकडे फोन केला. एका डोळ्यावर पट्टी, तरी आवाज ताजा. म्हटलं, तुमचा पासवर्ड द्या, एका मिनिटाचं काम आहे. म्हणाले, "टॉरकिल, तू काय शिकवलंस? फोनवर पासवर्ड मागणारा माणूस कोण असतो?"

"चोर," मी म्हणालो.

"शाब्बास," म्हणाले आणि फोन ठेवला.

माझं शिकवणं इतकं परिणामकारक आहे हे आधी लक्षात आलं नव्हतं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

रिक्केचा फोन. "मी बंदरावर उभी आहे. समुद्र आरशासारखा आहे आणि तुमच्या साइटवर सगळं रद्द. झालंय काय?" म्हटलं, तांत्रिक कारण. म्हणाली, "त्या कारणाचं नाव टॉरकिल आहे का?" उद्या कुठल्याही परिस्थितीत येतो, असं सांगितलं. "बरं," म्हणाली. नुसतं बरं. ओरडली असती तर हायसं वाटलं असतं.

दिवसभर पाणकावळ्यात शिरायचा प्रयत्न केला. शिरता येत नाही. अभेद्य आहे. अभिमान वाटला, मग वाटेनासा झाला. बेटाला एक फेरी मारली. फेरी मारायला फार वेळ लागत नाही, म्हणून आणखी एक मारली. जिथे जावं तिथे समोर स्वेनबोर्गचे दिवे.

एक चांगलं झालं. सासऱ्यांसाठीचं भाषण लिहून झालं. पाच पानं. त्यात कुटुंब म्हणजे काय यावर फार सुंदर परिच्छेद आहे.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सकाळी ८. आज जाणारच. वेळ पडली तर कुणाची मासेमारीची होडी मागेन. इस्त्रीचा शर्ट घातला.

सकाळी ९. साइट बंद! पट्टीसकट सगळं गायब. बहुतेक बाहेरून हल्ला झालाय. नेमका पाणकावळ्यावरच का, हे विचार करण्यासारखं आहे. होडीचं नंतर बघू, आधी हे.

सकाळी ११. दोन तास लॅपटॉपवर उतरवून ठेवलेले लॉग, म्हणजे साइटच्या नोंदी, तपासतोय. हल्लेखोर अत्यंत हुशार. एकही खूण मागे ठेवलेली नाही.

दुपारी १२. छडा लागला. योन्नाबाईंनी एबलस्कीवर, म्हणजे नाताळातले गोल पॅनकेक, भाजायचं तवा-यंत्र लावायला संगणकाचा प्लग काढला होता. त्यांच्या हातात पिठाची वाटी. "एकच सॉकेट आहे म्हटलं होतं ना मी? घे, गरम आहेत." दोन घेतले.

मग सहज म्हणाल्या, "तू अजून इथे कसा? बोट तर साडेनऊला गेली."

धावत धक्क्यावर गेलो. रिकामा. आस्गरला फोन लावला, मागे इंजिन धडधडत होतं. म्हणाला, "पट्टी नाही म्हणजे रद्द नाही. बरोबर ना? मी तर भोंगाही वाजवला दोनदा. ऐकलास ना?"

ऐकला होता. मी लॉग तपासत होतो.

हिवाळ्यात शनिवारी एकच फेरी असते. होडी असलेले दोघे याच बोटीने बाजाराला गेलेत. रिक्केला फोन केला, उचलला नाही. स्वाभाविक आहे. माझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसली असेल.

रविवार, १६ नोव्हेंबर

सकाळभर बोलायची तयारी केली. सॉकेट, हल्ल्याचा संशय, दुहेरी मंजुरीमागचा विचार, सगळं क्रमाने. तिने आरडाओरडा केला तर मध्ये बोलायचं नाही, असंही ठरवलं.

दुपारी तिचा फोन आला. चिडलेली नव्हती. कार्यक्रम छान झाला म्हणाली. बाबा नाचले. मी सॉकेटपासून सुरुवात केली. तिने ऐकून घेतलं. मग म्हणालो, माझी खुर्ची रिकामी राहिली, सगळ्यांसमोर तुला किती वाईट वाटलं असेल.

म्हणाली, "नाही रे. तुझं पान मांडलंच नव्हतं. कोण कुठे बसणार ते बाबांनी दोन आठवड्यांपूर्वी ठरवलं. त्यात तुझं नाव नव्हतं. मी बघितलं, आणि त्याचं नाव घाला असं मीही काही म्हणाले नाही."

फोन दुसऱ्या कानाला लावला. तिनेच विचारलं, "मग, उद्या येतोयस?"

उद्या सकाळी बोट आहे. वारा नाही. साइट अजून बंदच, म्हणून पट्टी नाही. आस्गरचं छतही रंगवून झालंय.

कारण शोधतोय.