वाटाण्याएवढं थोडं

४ मार्च

ति. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर मी घसा फोडायचा आणि तू नुसतं हो हो म्हणायचं, त्यापेक्षा पत्र बरं. तुझे कान आता जवळजवळ गेलेच, असं बाबा कळवतात. म्हणून सोबत एक डबी पाठवते आहे. तुझ्या घड्याळाच्या दुकानातला कॉम्प्युटर जुना असला तरी धडधाकट आहे. नवा घेणं आपल्या खिशाला झेपणार नाही, पण त्याचा प्रोसेसर, म्हणजे सगळा विचार करणारा तुकडा, तेवढा बदलता येतो. डबीतला वापरलेला आहे, पण त्याच खोबणीत बसणारा. तो बसला की बोलणं लिहून दाखवणारा प्रोग्राम चालेल. मागच्या खेपेला बाकीची तयारी मी करून ठेवली आहे.

कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण खोबणीवरच्या त्रिकोणाशी जुळव. जोर लावू नकोस. वर डबीतल्याच ट्यूबमधली पेस्ट अगदी थोडी लावून पंखा बसव. बाबांना हात लावू देऊ नकोस.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी बडबडी

११ मार्च

चि. बडबडीस अनेक आशीर्वाद.

डोळ्याला भिंग लावून तुकडा पाहिला आणि हातातलं कामच विसरले. खाली सोनेरी पाय, रांगांमागून रांगा. मोजायला बसले, तर सहाशेच्या पुढे घोटाळा झाला. चाळीस वर्षं घड्याळं उघडली, यापेक्षा बारीक काम नसतं असं वाटायचं. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या तुकड्याने माझी घमेंड उतरवली. एक पाय वाकला होता, तो चिमट्याने सरळ केला. मग तुकडा खोबणीत आपणहून उतरला.

पेस्ट तू लिहिलीस तशी अगदी थोडी लावली. पण मशीन मिनिटभरात बंद पडतं. चार वेळा झालं. तुकडा जळला असेल तर माझी आशाही गेली म्हणायची. तुझा बाबा समोर बसून बोलतो, ओठ हलताना दिसतात, मी मान डोलावते. कशाला ते मलाच माहीत नसतं. फार एकटं वाटतं गं.

तुझी आत्या

१६ मार्च

ति. आत्यास सा. न.

आधी घाबरले, मग हसू आलं. घड्याळाला तेल देतेस तशी सुईच्या टोकाने लावलीस ना? चूक माझीच, घड्याळवाल्या बाईला मी थोडं म्हणाले. तुकड्याची उष्णता त्या पेस्टमधून वर पंख्याखालच्या धातूत जायची असते. ती गेली नाही की जळण्याआधी तो स्वतःच मशीन बंद करतो, तेव्हा तो शाबूत असणार. आहे ती पुसून वाटाण्याएवढी लाव. तू पाय सरळ केलास, यावर इथल्या कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या कारागिरांचा विश्वास बसत नाही. एकाला तुझे हात बघायचे आहेत.

राग नसावा, माया असावी.
बडबडी

२२ मार्च

चि. बडबडीस अनेक आशीर्वाद.

वाटाण्याएवढ्या तेलात माझी दहा घड्याळं बुडून मेली असती. तरी जीव मुठीत धरून लावली. मशीन सुरू झालं आणि चालूच राहिलं. तुझा बाबा माइकसमोर खाकरला, बोलला, आणि त्याचं बोलणं शब्दाशब्दाने पडद्यावर उतरलं. मी तोंडावर हात ठेवून बघत राहिले. हवेतला शब्द त्या तिकिटाएवढ्या जागेत शिरतो आणि लिहून बाहेर येतो. अंगावर काटा आला, लिहितानाही येतो आहे.

पहिला तासभर त्याने माझ्या चहाला नावं ठेवली. संध्याकाळी चहा संपल्यावर मी नेहमीसारखी मान डोलावून कप उचलले. जाता जाता पडद्याकडे नजर गेली. ताईने, म्हणजे मी, अजून थोडं बसावं, असं तुझा बाबा म्हणाला होता. हे आजच कसं सुचलं, म्हणून विचारलं. तर म्हणे, तो रोजच म्हणतो, मी रोज मान डोलावते आणि उठून जाते.

कप खाली ठेवले. आता रोज थोडं बसते, माझ्या मापाने नव्हे, तुझ्या. लोभही त्याच मापाने असू दे.

तुझी आत्या