दोन फेऱ्यांची करी

पर्थ, ३ जून २००३

प्रिय नोरीन हिस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कानातलं यंत्र पुन्हा बिघडलं हे वाचून वाईट वाटलं, पण त्याच्यापायी तू फोन सोडून पत्रं लिहितेस, तेव्हा ते आणखी काही महिने बिघडलेलंच राहू दे.

आता माझं भांडण ऐक. मागच्या महिन्यात डाळ गॅसवर ठेवून मी बागेत गेले आणि तिथेच रमले. डाळ करपली, धूर झाला. शेजारच्या कीथने बंबवाल्यांना बोलावलं. घराला काही झालं नाही, एक पातेलं तेवढं गेलं. पण दुसऱ्याच दिवशी चार्मेन माणूस घेऊन आली आणि गॅसची शेगडी उचलून नेली. पोटच्या मुलीने! ओट्याला आता चौकोनी खड्डा पडलाय आणि मी तिने आणलेले भोपळ्याच्या लगद्याचे डबे खातेय. माझे दात अजून माझेच आहेत, हे तिला कोणी सांगावं?

खरी गोष्ट पुढेच आहे. तिने वृद्धाश्रमाचा फॉर्म आणलाय. त्यावर छापलंय की अर्जदार एकटी राहण्यास असमर्थ आहे, आणि खाली सही माझी हवी. ऑगस्टअखेर तिथे खोली रिकामी होतेय म्हणे. मी म्हटलं, ज्याला ती आवडली असेल त्याने जावं. रेजी होता तेव्हा त्याने आणि मी हे घर विटेवर वीट ठेवून उभं केलं, माझी शवपेटी इथूनच निघेल.

चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत मला एक स्लो कुकर मिळाला. जाड मातीचं भांडं, खाली वीज, ना जाळ ना धूर. ह्यात बीफ करी करून चार्मेनच्या नाकावर टिच्चून खायची असं ठरवलं. मांस, कांदे, वाटण सगळं एकदम घातलं. आठ तासांनी जे निघालं ते दवाखान्यातलं जेवण. कांदे गिळगिळीत, मसाला कच्चा, वर पांढरट पाणी. शेगडीशिवाय कांदा परतायचा कसा, तेवढं सांग. लोभ आहेच, ह्या वेळी थोडी अक्कलही पाठव.

तुझी,
मर्ल


पोदनूर, २१ जून २००३

चि. मर्ल हिला अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले आणि मग चिडले. चार्मेनवर नाही, तुझ्यावर. मांस आणि कांदे एकदम? मम्मा असती तर तुझ्या पाठीत कालथा बसला असता.

पप्पांचं इनॅमलचं भांडं विसरलीस? पोदनूरहून जोलारपेट्टईला गाडी न्यायचे तेव्हा इंजिनात भट्टीच्या तोंडावरच्या फळीवर ते भांडं असायचं. ढवळायला तिथे कोणाला सवड होती? जाताना त्यात फक्त कांदे आणि चरबी. आठ-नऊ तास ते कांदे आपले आपण रटरटत तांबडे व्हायचे. जोलारपेट्टईला उतरायच्या थोडं आधी मम्माने बांधून दिलेलं वाटण त्यात जायचं. मांस परतीच्या फेरीला. पाण्याचा थेंब नाही. म्हणून तर ती दोन फेऱ्यांची करी. तुझ्या नव्या यंत्राचा एवढा तोरा मिरवतेस, पण आपण लहानपणी दुसरं खाल्लंय काय?

तेव्हा पहिल्या दिवशी सकाळी किलोभर कांदे उभे चिरून तेलात टाक. झाकण जरा तिरकं ठेव, नाहीतर वाफेचं पाणी परत आत पडतं. संध्याकाळी रंग धरला की वाटण घाल आणि चांगला वास सुटेपर्यंत ठेव. मग गार करून फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी मांस. चरबीचा पदर असलेलं खांद्याचं घे, कोरडं नको. बटाटे मोठे ठेव.

आणि त्या फॉर्मवर सही करू नकोस. मी मात्र हे म्हटलंय असं चार्मेनला सांगू नकोस. पोरीची माया आहे तुझ्यावर, फक्त तिला ती डब्यांतून दाखवायची सवय लागलीय. प्रकृतीला जप.

तुझी बहीण,
नोरीन


पर्थ, ८ जुलै २००३

ती. नोरीन आंटीस,
कृ. सा. न. वि. वि.

मम्माच्या टेबलावर तुमचं पत्र उघडंच पडलं होतं. वाचायला नको होतं, पण वाचलं. आंटी, हात जोडते, तिला आणखी चढवू नका.

डाळ करपली एवढंच तिने लिहिलं ना? त्या दिवशी मी आले तेव्हा गल्लीच्या तोंडाशी बंब उभा होता आणि तिथून घरापर्यंत मी कशी धावले ते माझं मला ठाऊक. ती गुलाबांपाशी उभी राहून बंबवाल्यांना चहा घेता का विचारत होती. तिला गंमत वाटते. मला अजून फोन वाजला की धस्स होतं. माझे पप्पा गेले तेव्हा मी शेजारच्या खोलीत होते आणि मला कळलं नाही. आता हिचंही मला कोणा परक्याकडून कळायला नकोय.

तुमची करी तिला जमलीय. दोनदा करून झाली आणि शेजारचा कीथ आता रोज कुंपणावरून डोकावतो. त्या आनंदात तिने सतरा ऑगस्टच्या रविवारी चर्चनंतर नऊ माणसं जेवायला बोलावलीत, सगळी पोदनूरची जुनी. वर माझ्याशी पैज लावली आहे. जेवण वेळेवर आणि धड झालं तर मी फॉर्मचं नाव काढायचं नाही. काही बिघडलं तर ती सगळ्यांसमोर सही करणार. तुम्ही मोठ्या आहात, तिला समजवा. आपला लोभ असाच राहू द्या.

तुमची,
चार्मेन


पोदनूर, २४ जुलै २००३

चि. चार्मेनला अ. उ. आ.

दुसऱ्याचं पत्र वाचणाऱ्या मुलीला मी फार लांबलचक उत्तर देत नाही. तुझी भीती खरी आहे आणि ती मला कळते. पण तुझी मम्मा लहान असताना मीही तिला समजवायला गेले होते, त्याचा वण अजून माझ्या कोपरावर आहे. सतराला जेवायला जा. भुकेली जा.

तुझी,
नोरीन आंटी


पर्थ, १९ ऑगस्ट २००३

प्रिय नोरीन हिस,
सा. न. वि. वि.

पैज मी हरले. सरळ सांगते, आडपडदा नाही.

शनिवारी कांदे असे उतरले होते की पप्पांनी टोपी काढली असती. रविवारी सकाळी फ्रिजमधून सगळं काढून भांड्यात रचलं, बटण दाबलं, लाल दिवा लागलेला पाहिला आणि चर्चला गेले. एकला माणसं आली. पिवळ्या भातासाठी फ्लोरीने तिच्याकडचं विजेचं पातेलं आणलं होतं. चार्मेनने झाकण उचललं आणि माझ्याकडे पाहिलं. भांडं थंडगार. मांस सकाळी ठेवलं तसंच, गुलाबी.

चार्मेनने खाली वाकून पाहिलं, तर भिंतीवरचं बटण बंद. हळू आवाजात तिने विचारलं की मम्मा, हे कोणी बंद केलं. आणि नोरीन, तेव्हा मला आठवलं. घराबाहेर पडताना पप्पा काय करायला लावायचे? क्वार्टरभर फिरून एकूण एक बटण बंद, मग दाराला हात. पंचेचाळीस वर्षं ह्या देशात काढली तरी माझा हात थांबत नाही. दिवा, हीटर, रेडिओ, सगळ्यांबरोबर मीच ते बंद करून गेले होते.

चार्मेनच्या डोळ्यांत पाणी आलं. जिंकल्याचं नव्हतं ते, एवढं मला कळलं. पण माझाही पारा चढला. मी म्हटलं, हो, मी केलं बंद. गेली पंचेचाळीस वर्षं घर सोडताना रोज करते. आग लावेल म्हणून जिची शेगडी नेलीस तीच ही बाई, आणि हिच्या घरात ती बाहेर पडल्यावर एक दिवा जळत नाही. आता कोण असमर्थ ते सांग. आण तो फॉर्म, बोलले तशी सही करते, पण त्यावर हेही लिहायचं.

कोणीतरी हसलं. बहुतेक डेस्मंड. मग सगळेच हसले. मी बटण दाबलं आणि जाहीर केलं की ज्यांना घाई असेल त्यांनी भोपळा खाऊन घरी जावं. एकही माणूस हललं नाही. पाव आणि लोणच्यावर दुपार काढली, पोदनूरच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमधल्या नाचांच्या उखाळ्यापाखाळ्या काढल्या, आणि साडेसहाला जेवलो. मांस चमच्याने तुटत होतं. वासाने कुंपणापलीकडून आलेल्या कीथने वाटी बोटाने पुसली. चार्मेनने दोनदा भात घेतला.

पाहुणे गेल्यावर तिने पर्समधून फॉर्म काढला. मी पेन हातात घेतलं. हरले म्हणजे हरले. पण माझ्या हातातलं पेन तिनेच काढून घेतलं. फॉर्मची खालची, सहीच्या ओळीची पट्टी फाडली, तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी लिहिलं आणि ती भिंतीवर त्या बटणाच्या वर चिकटवली. जाताना म्हणाली की रोज सकाळी एक फोन करायचा, नाहीतर ती थेट येऊन धडकेल. तेवढं मी कबूल केलं.

ती गेल्यावर चष्मा लावून वाचलं. मोठ्या अक्षरांत लिहिलंय: मम्मा, हे एक सोडून.

तुझी माया आहेच, पत्रात आता तेवढीच लिही, माझ्या टेबलावर लोक वाचतात.

तुझी,
अजून स्वतःच्याच घरात असलेली,
मर्ल